आत्याचा आजार आणि भाचीची गर्भनिरोधक गोळी : बीआरसीए१ वाहक स्त्रीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी राहणारी ३२ वर्षांची प्राथमिक शिक्षिका, चार वर्षांच्या एका मुलाची आई, ‘गोळ्या चालू ठेवू की थांबवू’ एवढा एकच प्रश्न घेऊन आनुवंशिक समुपदेशनासाठी आली. ओळख पटू नये म्हणून व्यवसाय व ठिकाण यांचे काही तपशील येथे बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम मात्र तसाच ठेवला आहे.

तिला पहिली पाळी बाराव्या वर्षी आली. चोविसाव्या वर्षी लग्न झाल्यावर तिने सुमारे अडीच वर्षे संमिश्र हार्मोनच्या (इस्ट्रोजेन व प्रोजेस्टोजेन एकत्र असलेल्या) गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या, अठ्ठाविसाव्या वर्षी सीझरने मुलगा झाला, त्याला तिने चौदा महिने अंगावर पाजले आणि दूध सुटल्यावर पुन्हा त्याच गोळ्या सुरू केल्या. म्हणजे एकूण पाच वर्षांहून थोडा अधिक काळ गोळ्यांचा होता. त्या केवळ मूल नको म्हणून घेतलेल्या नव्हत्या. पाळीत पोटात असह्य दुखणे आणि भरपूर अंगावरून जाणे हा त्रास तिला शाळेत असल्यापासून होता व गोळ्यांनी तो आटोक्यात राहत असे. दुसरे मूल हवे होते, पण ‘दोन-तीन वर्षांनी’.

तिच्याजवळच्या जुन्या केसपेपरवर कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात ‘नाही’ असे लिहिलेले होते. प्रत्यक्षात तिच्या सख्ख्या आत्याला ४४ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. गाठीच्या तपासणीत तो ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व हर-टू यांपैकी एकही ग्राही (रिसेप्टर) नसलेला निघाल्यामुळे तेथील कर्करोगतज्ज्ञांनी जनुकीय चाचणी सुचवली, आणि बिघडल्यास स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या बीआरसीए१ या जनुकात १८५ डेल-एजी नावाने ओळखला जाणारा रोगकारक बदल आढळला. (हा बदल अश्केनाझी ज्यू समाजाच्या संदर्भात अधिक प्रसिद्ध आहे, पण भारतीय कुटुंबांतही तो पुन्हा पुन्हा सापडला आहे.) आत्याच्या आईविषयी, म्हणजे या स्त्रीच्या आजीविषयी, घरात एवढेच माहीत होते की पन्नाशीच्या आसपास ‘पोटात पाणी होऊन’ ती गेली. कागदपत्र एकही उरलेले नाही. अंडाशयाच्या कर्करोगाचे वर्णन जुन्या घरांतून बहुधा याच शब्दांत ऐकू येते, त्यामुळे वंशावळीत त्या चौकटीपुढे प्रश्नचिन्ह टाकून ती नोंद ठेवली.

केसपेपरवर ‘नाही’ का लिहिले गेले, हे तिच्याच उत्तरातून कळले. “त्यांनी विचारलं, आईला किंवा मावशीला कॅन्सर होता का. नव्हता. आत्याचं कुणी विचारलंच नाही.” स्तनाचा आजार बायकांचा, म्हणून तो आईकडूनच येणार, हा समज डॉक्टरांच्या प्रश्नावलीतही शिरलेला असतो. बीआरसीए१ हे १७ व्या आणि बीआरसीए२ हे १३ व्या गुणसूत्रावरील जनुक आहे. लिंगनिश्चितीच्या गुणसूत्रांशी त्यांचा संबंध नाही. बदल बाळगणाऱ्या बापाकडून तो मुलीकडे किंवा मुलाकडे जाण्याची शक्यता आईइतकीच, निम्मी असते. बाप स्वतः बहुतेकदा धडधाकट राहतो, आणि त्यामुळेच एक पिढी मधून वगळल्यासारखी दिसते.

समस्या

गोळीचा प्रश्न सोपा वाटतो, परंतु त्याचे उत्तर तिच्या जनुकात काय आहे यावर पूर्णतः अवलंबून होते. नुसता कौटुंबिक इतिहास असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या गर्भनिरोधक साधनांविषयीच्या पात्रता निकषांत संमिश्र गोळ्या पहिल्या गटात, म्हणजे निर्बंधाविना, बसतात. तीच स्त्री बीआरसीए वाहक असल्याचे कळले की ब्रिटनच्या २०१६ च्या निकषांनुसार संमिश्र गोळ्या तिसऱ्या गटात जातात, म्हणजे तोटा फायद्याहून सामान्यतः अधिक. फक्त प्रोजेस्टोजेन असलेली साधने दुसऱ्या गटात, आणि तांबी पहिल्याच गटात राहते. आत्याचा अहवाल हाती आल्यावर भाची वाहक असण्याची शक्यता पंचवीस टक्के होती. एवढ्या अनिश्चिततेवर गोळी बंद करणे किंवा चालू ठेवणे, दोन्ही अंदाजपंचे झाले असते.

पहिला निर्णय : चाचणी कोणाची

आनुवंशिक चाचणीचा क्रम ठरवताना साधारण नियम असा की प्रथम आजारी व्यक्ती तपासावी. निरोगी स्त्रीची थेट चाचणी केली आणि ती निर्दोष निघाली, तर कुटुंबात बदल होता पण तिच्यात आला नाही, की कुटुंबातील कर्करोगाचे कारण चाचणीच्या कक्षेबाहेरच आहे, हे सांगता येत नाही. या कुटुंबात आत्याची चाचणी आधीच झालेली असल्याने भाचीला संपूर्ण पॅनेलची, म्हणजे अनेक जनुके एकदम तपासणाऱ्या चाचणीची, गरज नव्हती. तो एकच ठरावीक बदल शोधणे पुरेसे होते. हे काम स्वस्तात होते आणि उत्तरही स्वच्छ हो किंवा नाही असे मिळते, अर्थ निश्चित न झालेल्या बदलांचा गोंधळ मध्ये येत नाही.

अडचण वडिलांची होती. रीतसर क्रमाने आत्यानंतर तिच्या भावाची, म्हणजे वडिलांची चाचणी व्हावी व ते वाहक निघाल्यासच मुलीची. वडिलांनी साफ नकार दिला. “या वयात मला कळून काय करायचंय?” हे त्यांचे म्हणणे हट्टाचे वाटले तरी न जाणून घेण्याचा त्यांचा अधिकार मान्य करणे भाग होते. पण मुलीचा अहवाल वाहक आला की वडीलही वाहक आहेत हे आपोआप सिद्ध होणार होते, त्यांनी रक्त दिलेले असो वा नसो. म्हणून मुलीचे रक्त घेण्याआधी वडिलांना ही गोष्ट स्वतंत्रपणे, मुलगी समोर नसताना सांगण्यात आली. “तिचं नुकसान होत असेल तर तिनं करावं, मला मात्र कागद दाखवू नका,” असे ते म्हणाले. पुढे काही महिन्यांनी आपल्या प्रोस्टेटची तपासणी करून घ्यावी का, हे त्यांनी आपणहून विचारले.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. ती वाहक होती.

आकड्यांचा अर्थ

अहवालाच्या भेटीत तिने पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांचाच होता : “एवढी वर्षं घेतल्या, म्हणजे मीच ओढवून घेतलं का?”

या प्रश्नाला आकड्यांशिवाय उत्तर देता येत नाही, आणि आकडे नीट मांडले नाहीत तर भीती वाढते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार बीआरसीए१ वाहक स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाच्या कर्करोगाची सुमारे ४४ टक्के असते. बीआरसीए२ मध्ये हेच प्रमाण अनुक्रमे ६९ आणि १७ टक्के आहे. या धोक्याचा बहुतांश भाग जनुकाचा आहे. पाळी केव्हा आली, मुले किती, किती काळ पाजले, गोळ्या घेतल्या की नाही, या गोष्टी त्यात भर घालतात किंवा घट करतात, पण मूळ रक्कम त्यांनी ठरत नाही.

२००२ मधील एका बहुराष्ट्रीय अभ्यासात १,३११ जोड्यांची तुलना केली असता बीआरसीए१ वाहकांत गोळ्या घेतलेल्यांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी, आणि पाच वर्षे किंवा अधिक घेतलेल्यांना सुमारे ३३ टक्क्यांनी अधिक दिसला. बीआरसीए२ मध्ये असा संबंध आढळला नाही. सर्वसाधारण स्त्रियांविषयीच्या २०१७ च्या डेन्मार्कमधील अभ्यासातही सध्या हार्मोनची साधने वापरणाऱ्यांत वाढ सुमारे २० टक्केच होती. आकडा तोच आहे, मात्र त्याचा अर्थ अगदी वेगळा होतो. डेन्मार्कच्या अभ्यासात ती वाढ वर्षाला सुमारे ७,७०० स्त्रियांमागे एक जादा रुग्ण इतकी भरली. बीआरसीए१ वाहकांत मात्र तिशी ते चाळिशीच्या दरम्यान दर हजारी वर्षाला वीस-पंचवीस जणींना हा आजार होतो. त्यावर वीस टक्के म्हणजे हजारात चार-पाच जादा. म्हणूनच ‘गोळीने वीस टक्के धोका वाढतो’ हे वाक्य एकाच दवाखान्यात दोन बायकांना सांगताना दोन्ही वेळा खरे असले, तरी एकीच्या बाबतीत ते दुर्लक्ष करण्याजोगे आणि दुसरीच्या बाबतीत निर्णय बदलण्याजोगे असते.

तिच्या इतिहासात एक जमेची बाजूही होती. एकूण वर्षभराहून अधिक काळ अंगावर पाजलेल्या बीआरसीए१ वाहकांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका न पाजलेल्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी असल्याचे २००४ च्या अभ्यासात दिसले आहे. तिचे चौदा महिने यात बसत होते. हे ऐकताना तिच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा थोडा सैल झाला. अर्थात ही निरीक्षणात्मक अभ्यासातील आकडेवारी आहे. ती जमा-खर्चासारखी मांडून गोळ्यांची वजाबाकी करता येत नाही, आणि हेही तिला त्याच भेटीत सांगितले गेले.

गोळीची बाजू घेणारा सर्वांत भक्कम मुद्दा अंडाशयाचा. बीआरसीए वाहकांत गोळ्यांमुळे अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी होतो, हे अनेक अभ्यासांत एकसारखे दिसले आहे. गोळी ‘चालू ठेवा’ असे सांगणारे तज्ज्ञ या आधारावर बोलतात आणि त्यांचे म्हणणे फेटाळण्याजोगे नाही. मात्र या प्रकरणात काळाचा हिशेब निर्णायक ठरला. बीआरसीए१ वाहकांत अंडाशयाचा कर्करोग चाळिशीच्या आत क्वचितच होतो, आणि मुले झाल्यावर ३५ ते ४० या वयात अंडाशय व गर्भनलिका काढून टाकण्याची शिफारस त्याआधीच लागू होते. ती शस्त्रक्रिया करून घेण्याची तिची तयारी होती. म्हणजे गोळीने मिळणारे संरक्षण ज्या वर्षांत उपयोगी पडायचे त्या वर्षांत अंडाशयच शरीरात नसणार, आणि गोळीचा तोटा मात्र आत्ताच, स्तनाचा धोका झपाट्याने चढत असलेल्या दशकात पदरी पडणार. शस्त्रक्रिया नको म्हणणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हेच पारडे दुसरीकडे झुकू शकले असते.

पर्याय

सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी तांबी हा निकषांनुसार सर्वांत निर्धोक पर्याय होता. हार्मोन नाही, काढली की लगेच दिवस राहू शकतात. अडचण तिच्या पाळीची होती : आधीच भरपूर रक्तस्राव, हिमोग्लोबिन १०.४, आणि तांबीने पहिले काही महिने रक्तस्राव व दुखणे दोन्ही वाढतात.

हार्मोन सोडणारे गर्भाशयातील साधन याच्या नेमके उलट होते. पाळीचा त्रास त्याने जवळपास नाहीसा झाला असता, पण त्यातील लेव्होनॉर्जेस्ट्रेल अल्प प्रमाणात का होईना रक्तात जाते, डेन्मार्कच्या अभ्यासात या साधनासोबतही तेवढीच वाढ दिसली होती, आणि दीड-दोन वर्षांसाठी त्याचा खर्चही तिला जड वाटला. ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनाचा विचार लांबला नाही. ते थांबवल्यावर दिवस राहायला बराच काळ लागतो आणि तिच्याकडे वाया घालवायला वर्षे नव्हती. ‘छाया’ ही आठवड्याची गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली, स्टेरॉइडविरहित आहे. ती तिला आकर्षक वाटली, परंतु तिने पाळी लांबते, तारखांचा भरवसा राहत नाही, आणि वाहकांना दरवर्षी सांगितला जाणारा स्तनांचा एमआरआय पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांत करायचा असल्याने तो विस्कळितपणा गैरसोयीचा ठरला असता. नवऱ्याने निरोध वापरण्याची तयारी दाखवली. त्याला मुख्य नव्हे, तर जोडीचे साधन म्हणून स्वीकारले गेले.

एक पर्याय यादीत सुरुवातीला नव्हताच, तो तिच्या नवऱ्याने मांडला : दुसरे मूल आत्ताच का नको? त्या भेटीत तिला तो घाईचा वाटला. गर्भारपणानंतर काही वर्षे स्तनाचा धोका तात्पुरता वाढतो, हेही तिने वाचले होते व ते खरे आहे. म्हणून तो बाजूला राहिला.

कृती

गोळ्या बंद केल्या. लोहाच्या गोळ्या व पाळीत घ्यायची औषधे सुरू करून तांबी बसवली. स्तनांचा एमआरआय आणि मॅमोग्राम करून घेतले. तिशीनंतर वाहकांना हे दोन्ही दरवर्षी सांगितले जाते. एमआरआय यंत्राची स्तनासाठीची खास कॉइल जिल्ह्याच्या ठिकाणी नसल्यामुळे तिला पुण्याला जावे लागले, आणि पाळीच्या तारखेशी जुळणारी वेळ मिळवायला दोन महिने गेले. दोन्ही तपासण्या निर्दोष होत्या.

पाचव्या महिन्यात ती परत आली. हिमोग्लोबिन ९.२ वर उतरले होते आणि पाळीच्या दिवसांत शाळेत उभे राहणे तिला कठीण झाले होते. येथे दुसरा खरा निर्णयाचा क्षण होता. तांबी काढून हार्मोनचे साधन बसवणे हा वैद्यकीयदृष्ट्या पूर्णपणे समर्थनीय मार्ग होता आणि तोच तिला प्रथम सुचवला गेला. तिने घरी विचार करून वेगळा मार्ग निवडला. एमआरआय नुकताच स्वच्छ आलेला, गर्भारपणात गॅडोलिनियम (चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून द्यायचे औषध) देऊन एमआरआय करता येत नाही, म्हणजे दिवस राहण्यासाठी याहून सोयीची वेळ नाही. शिवाय अंडाशय काढण्याचे वयही जवळ येत चाललेले. तांबी काढून, हिमोग्लोबिन ११ च्या पुढे नेऊन चार महिन्यांनी त्यांनी प्रयत्न सुरू केले. भ्रूणाची जनुकीय तपासणी करून गर्भ निवडण्याचा मार्ग भारतात नोंदणीकृत केंद्रांतून कायद्याच्या चौकटीत उपलब्ध आहे हे त्यांना सांगितले होते. खर्च आणि टेस्ट ट्यूबची प्रक्रिया पाहून दोघांनी तो नाकारला.

गर्भारपणाच्या सातव्या महिन्यात पुढचा प्रश्न मुद्दाम काढण्यात आला. दुसरेही सीझरच होणार होते आणि त्याच वेळी कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन करायचे तिने ठरवले होते. नेहमीप्रमाणे नळ्या बांधण्याऐवजी त्या संपूर्ण काढाव्यात, असे सुचवले गेले, कारण अंडाशयाचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कर्करोगांपैकी बराच मोठा, विशेषतः वाहकांतील, भाग प्रत्यक्षात गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकापासून सुरू होतो. नुसत्या नळ्या काढून अंडाशय नंतर काढण्याविषयी नेदरलँड्स आणि अमेरिकेत अभ्यास चालू आहेत. त्यांवर विसंबून अंडाशय ठेवण्याचा सल्ला तिला दिलेला नाही. नळ्या काढणे हा येथे निव्वळ नसबंदीचा एक प्रकार होता, जास्तीचा फायदा झाला तर झाला. हा विषय प्रसूतीच्या टेबलावर न काढता दोन महिने आधी काढल्यामुळे तिला नवऱ्याशी बोलायला, आणि नको म्हणायलाही, वेळ मिळाला.

परिणाम

मुलगी झाली. नळ्या पूर्ण काढल्या व पॅथॉलॉजीला पाठवताना अर्जावर ‘बीआरसीए१ वाहक’ असे ठळक लिहिले, जेणेकरून झालरीच्या टोकाचे बारीक काप करून तो भाग संपूर्ण तपासला जावा. नाहीतर नसबंदीच्या नळीचा एखादाच तुकडा पाहून अहवाल दिला जातो. कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळली नाही.

बाळ पाच महिन्यांचे असताना डाव्या स्तनात गाठ लागली. घरातल्या सगळ्यांनी ‘दूध साकळलंय, शेक दे’ म्हटले. तिने दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून घेतली. गाठ दुधाचीच निघाली. पण पाजत्या वाहक स्त्रीची प्रत्येक गाठ दोन आठवड्यांत विरघळली नाही तर तपासायचीच, हे तिला गर्भारपणात सांगून ठेवले होते आणि तिने तर तेवढीही वाट पाहिली नाही.

सासूबाईंनी नातीच्या चाचणीविषयी विचारले. मोठेपणी होणाऱ्या आजारासाठी अजाण मुलांची चाचणी केली जात नाही. ती सज्ञान झाल्यावर स्वतः ठरवेल, हे उत्तर त्यांना पटायला दोन भेटी लागल्या. मुलालाही तेच लागू आहे, हे मात्र घरात कोणी विचारले नव्हते, ते आपणहून सांगावे लागले.

वेगळे काय करता आले असते

गोळी प्रथम लिहून दिली गेली तेव्हा, चोविसाव्या वर्षी, वडिलांकडच्या बायकांचे विचारले असते तरी निर्णय बदलला नसता. आत्या तेव्हा निरोगी होती. एकोणतिसाव्या वर्षी गोळ्या पुन्हा सुरू करताना मात्र आत्यावर उपचार चालू होते. त्या वेळी प्रश्न विचारला गेला असता तर तीन वर्षे आधी चाचणी, तीन एमआरआय आणि कदाचित वेगळे साधन, एवढे साधले असते. आत्या, काकांच्या मुली, आजी अशी नावे छापलेला फॉर्म असता तर तिने तिथेच सांगितले असते.

तांबीचा निर्णय कागदावर बरोबर होता, पण हिमोग्लोबिन १०.४ असलेल्या, पाळीचा त्रास आधीपासून असलेल्या स्त्रीला ती बसवताना पाचव्या महिन्याऐवजी सहाव्या आठवड्यातच पुन्हा भेटायला बोलवायला हवे होते. हार्मोनचे साधन न बसवल्याने जो अल्प धोका टळला, त्याची किंमत तिने रक्तक्षयात मोजली. दुसऱ्या एखाद्या संघाने सुरुवातीलाच ते साधन निवडले असते तर त्यात चूक काढता आली नसती. उलट गोळी थांबवण्याबाबत शंका कमी झाली आहे : हा निर्णय झाला तेव्हा उपलब्ध नसलेला, अनेक देशांतील वाहकांचा एकत्रित अभ्यास २०२४ मध्ये आला आणि त्यात बीआरसीए१ मध्ये गोळ्यांची वर्षे वाढत जातात तसा स्तनाचा धोकाही हळूहळू वाढताना दिसला.

धाकट्या बहिणीचा प्रश्न सुटलेला नाही. ती २७ वर्षांची, अविवाहित असून पाळी अनियमित असल्याने तिला संमिश्र गोळ्या दिलेल्या आहेत. वडील आता वाहक ठरल्यामुळे तिची शक्यता पन्नास टक्के आहे. “लग्न जमेपर्यंत थांबू” असे आईचे म्हणणे, आणि स्थळाला हे सांगायचे का, सांगायचे तर केव्हा, यावर घरात दोन तट पडले आहेत. तिला भेटीला बोलावून माहिती दिली, चाचणीचा आग्रह धरला नाही. वर्षातून दोनदा डॉक्टरांकडून स्तनतपासणी आणि पंचविशीनंतर सांगितला जाणारा वार्षिक एमआरआय हे चाचणी न करताही सुरू करता येते. त्यांपैकी पहिली गोष्ट तिने सुरू केली आहे. पाळीसाठीच्या गोळ्यांचा फेरविचार तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी करावा म्हणून, तिच्या संमतीने, त्यांना पत्र दिले आहे.

मोठी बहीण आता ३५ वर्षांची आहे. मुलीचे अंगावरचे दूध सुटल्यावर एमआरआय पुन्हा सुरू झाला आहे. अंडाशय काढण्यासाठी तिने ३८ वे वर्ष धरले आहे. त्यानंतर पाळी अकाली बंद होण्याने हाडांवर व हृदयावर होणारा परिणाम टाळण्यासाठी, स्तनाचा कर्करोग झालेला नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन देण्याची चर्चा झाली आहे. गोळ्या सोडल्या आणि आता पुन्हा हार्मोनच का, असे तिने विचारले, ते रास्तच आहे. ही मात्रा बरीच कमी असते आणि अंडाशय काढलेल्या बीआरसीए१ वाहकांत तिने स्तनाचा धोका वाढल्याचे दिसलेले नाही. दोन्ही स्तन आधीच काढून टाकण्याचा पर्याय तिला समजावून दिलेला आहे. त्याने धोका नव्वद टक्क्यांहून अधिक कमी होतो. त्यावर तिने अजून होकार वा नकार दिलेला नाही, आणि दर वार्षिक भेटीत तो विषय एकदाच काढायचा, असे तिच्याशी ठरले आहे.